घंटावालीची चाचणी

बाळ झोपलं आणि तिने झटकन फोन हातात घेतला. गेममध्ये कुलूपबंद असलेली पात्रं आज संध्याकाळपर्यंत खेळून बघायला खुली होती. पण एखादं पात्र कायमचं उघडायला तिच्याकडे किल्ली मात्र एकच होती, तीही कित्येक महिने खपून मिळवलेली. चुकीच्या पात्राला लावली, की पुढची कधी मिळेल कोण जाणे!

"तलवारवालीच घे," शेजारी लोळत पडलेली नणंद म्हणाली. "सगळे तिच्यावर फिदा आहेत."

तलवारवाली दिसायला झकास होती, पण राक्षसाच्या एका फटक्यात गारद. धनुर्धारी बरा होता, पण धीराचा नव्हता. मग तिने घंटावाली निवडली. हातात दोन पितळी घंटा आणि चेहऱ्यावर असा तोरा, की बघताक्षणीच ती हिला आवडली.

पण घंटावालीचा एकही वार लागेना. राक्षस तिला लोळवतोय, ही पुन्हा उठवतेय. तिसऱ्यांदा हरल्यावर ती रडकुंडीला आली.

"मलाच जमत नाही बहुतेक."

नणंदेने मान वाकडी करून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं वहिनी, आवाज बंद आहे तुझा! हिचे वार घंटेच्या ठोक्यावर बसतात. बहिऱ्यासारखी काय खेळतेस?"

बाळ झाल्यापासून तिच्या फोनने आवाज म्हणून काढला नव्हता. गेमला आवाज असतो हेच ती विसरून गेली होती.

"इयरफोन लाव की."

"आणि हा उठला तर?"

"मी काय शोभेला बसलेय?"

तरी तिने एकाच कानात घातला. दुसरा कान बाळाचा. घंटा घुमली आणि अंगावर सर्रकन काटा आला. पहिला वार लागला, दुसराही! राक्षसाचा जीव अर्ध्यावर आला आणि नेमकं बाळ कुरकुरलं. नणंद हात पुढे करणार, तोच हिचा डावा हात सवयीने त्याच्या पाठीवर गेलाही होता. थोप, थोप. उजवा अंगठा पडद्यावर. कानात घंटा, हाताखाली पाठ आणि दोन्हींचा ठेका एकच!

"वहिनी, लागतायत सगळे! थांबू नकोस, थोपटत राहा!"

"हळू बोल गं, उठेल!" ती स्वतःच ओरडली.

शेवटचा ठोका. राक्षस धाडकन आडवा. बाळाने टक्क डोळे उघडले, दोघींकडे पाळीपाळीने पाहिलं आणि पाय झाडत हसलं.

"लाव किल्ली, लाव लवकर!"

"अगं, लावतेय, एकाच हाताने!"

कुलूप खळकन उघडलं. घंटावाली ऐटीत तिच्या चमूत येऊन उभी राहिली.

"आण, एक डाव मला दे," नणंदेने उठून बसत हात पुढे केला.

तिने बाळ उचललं आणि नणंदेच्या मांडीत ठेवलं.

"आधी याला थोपटायला शीक," ती म्हणाली आणि दुसराही इयरफोन कानात घातला.