डबा रिकामा परत आला

दुपारी यॉन्ही केंद्रात परतली तेव्हा तिच्या टेबलावर स्टीलचा डबा येऊन बसला होता. झाकणावर पोचा पडलेला, दोन्ही बाजूंना घट्ट कड्या असलेला, तिच्या आईचा डबा. चुसॉकच्या, म्हणजे सुगीच्या सणाला तो माशाचे तळलेले काप भरून गेला होता, तो आज परत आला.

"मा मावशी आल्या होत्या," स्वागताच्या टेबलावरची मुलगी म्हणाली. "स्वतः, बसने. आणि काय नटून आल्या होत्या म्हणून सांगू! केस सेट केलेले, जांभळं जाकीट. मला वाकून नमस्कार, झाडणाऱ्या काकांना नमस्कार. थोडं थांबा म्हटलं तर म्हणाल्या, नको, तिला कामं असतात."

यॉन्हीने डबा उचलला. हलका लागला. कानाशी धरून हलवून पाहिला. आत काही नव्हतं, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

कारण या डब्यापायी तिने साहेबांची बोलणी खाल्ली होती. तिचं काम असं की गावात कुणाच्या मनाचा तोल गेला, कुणी पुलाच्या कठड्याशी जाऊन उभं राहिलं, कुणी दार लावून घेऊन भिंतीशी भांडायला लागलं, की पोलिसांचा फोन आधी तिच्या केंद्रात येई आणि यॉन्ही पिवळं जाकीट चढवून निघे. अशा माणसाकडून काही घ्यायचं नाही, त्याला घरचं काही द्यायचं नाही, हा नियम. नियम करणाऱ्याने कधी कुणा म्हातारीच्या घरातून हात हलवत बाहेर पडून पाहिलं नसावं. ते काम कठड्यावरून माणूस उतरवण्यापेक्षा अवघड असतं.

मा दालसुन मावशीचा जन्म शिंपल्यांतली कालवं फोडून काढण्यात गेला होता. बंदरावरच्या शेडमध्ये धाकट्या बहिणीच्या मांडीला मांडी लावून बसायचं, सुरी चालवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची टर उडवायची, हा दोघींचा संसार. नवरे दोघींचेही कधीचे गेले होते. वसंतात बहीणही गेली. त्यानंतर एका सकाळी दालसुन लाटा अडवायच्या बांधाच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि हलेचना. कोळ्यांनी फोन केला. यॉन्ही गेली, जवळ बसून राहिली आणि बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "मावशी, जेवलात का?"

"एवढं विचारायला सरकार पगार देतं होय तुला?" दालसुन म्हणाली, आणि मग तिथेच बसकण मारून मोठमोठ्याने रडली.

तेव्हापासून यॉन्ही दर आठवड्याला तिच्याकडे जाई. दालसुन दर खेपेला तिच्या हातात काहीतरी कोंबू पाही. सुकवलेली पर्सिमनची फळं, मुळ्याची मुरवलेली किमची, बारकी सुकी मासळी.

"नको मावशी, नियम आहे."

"तुझ्या त्या नियमाला तोंड आहे का? असेल तर घेऊन ये, त्यालाही भरवते."

चुसॉक जवळ आला. बहिणीवाचूनचा पहिला सण. यॉन्हीला राहवेना, तिने आईच्या हातचे काप डब्यात भरून नेले. दालसुनने ते गल्लीभर सांगितलं, गल्लीने केंद्रात येऊन कौतुक केलं, आणि साहेबांनी यॉन्हीला आत बोलावून दार लावून घेतलं. म्हणून मागच्या खेपेला तिने हात जोडून सांगितलं होतं, "मावशी, डबा भरून देऊ नका हं. रिकामाच द्या. नाहीतर माझी नोकरी जाईल."

"रिकामं भांडं परत देऊ? मी मेलेय की काय?" दालसुन कडाडली होती. यॉन्हीला हसू आलं होतं.

आता तिला ते आठवलंही नाही. ती जेवायला बसली, भात संपवला आणि डबा पिशवीत टाकताना सहज उघडून पाहिला. आतून लख्ख. झाकणातली रबराची रिंग काढून, धुऊन, वाळवून पुन्हा बसवलेली. माशाचा वाससुद्धा नाही. जन्मात कुणाचं न ऐकलेल्या बाईने पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकलं होतं.

आणि मग ते वाक्य तिच्या कानात वाजलं. मी मेलेय की काय?

नटून येणं, सगळ्यांना वाकून नमस्कार, तिला कामं असतात. तिने दालसुनला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

"गुकदादा, गाडी काढा."

तिचा जोडीदार गुक तेसिक नूडल्सच्या वाडग्यात मान घालून बसला होता. निवृत्तीला आलेला, सदा कुरकुरणारा, पण गाडी अशी चालवणारा की मागे झोपलेलं मूल जागं होऊ नये. "कॉल कुठे आलाय?"

"आलाय. हा काय." तिने उघडा डबा त्याच्यापुढे धरला.

गुकदादाने डब्यात पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि चॉपस्टिक खाली ठेवल्या. याच गावात जन्मलेला माणूस. त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

गाडीत तो म्हणाला, "पोलिसांना कळवतो."

"कळवा. पण भोंगा नको, आणि खालीच थांबू द्या त्यांना. दार फोडायची वेळ आली तर मी हाक मारते."

चढाच्या तोंडाशी गाडी थांबली. यॉन्हीने पिवळं जाकीट काढून सीटवर टाकलं. ते घालून गल्लीत शिरलं की खिडक्या उघडतात आणि त्या घराची अब्रू जाते, म्हणून ती ते गाडीतच ठेवायची. पायऱ्या चढताना तिला धाप लागली. ती मनात म्हणत होती, बाई गं, अजून थोडी थांब. मी चुकलेय, मला ते सांगू तरी दे.

दालसुनचं दार बंद होतं. बाहेर मिरच्या वाळत घालायचं सूप धुऊन भिंतीला उभं केलेलं. उंबऱ्यापाशी तिच्या रबरी चपला मात्र होत्या.

"मावशी! मी यॉन्ही!"

ती दार वाजवू लागली, तेव्हा आतून आवाज आला, "डबा मिळाला ना?"

यॉन्ही पायरीवर मटकन बसली. "मिळाला. म्हणूनच आले."

"मग झालं तर. जा आता."

"जाऊ कशी? रिकामा डबा घेऊन गेले तर आई घरात घेईल का मला? म्हणेल, त्या घरी मीठसुद्धा नव्हतं का?"

"तूच म्हणालीस ना रिकामा दे? आणि आता तूच तक्रार घेऊन आलीस होय? तुम्हा सरकारी माणसांचं काही खरं नाही बघ."

"चुकले मी, मावशी. तसं म्हणायला नको होतं."

"आता काय उपयोग? द्यायला काही नाही घरात. फ्रिज पुसून ठेवलाय. किमचीचा माठ शेजारणीला दिला."

यॉन्हीने दाराला गाल टेकवला. लोकांना वाटतं, तो प्रश्न विचारू नये, विचारला की माणसाच्या डोक्यात भरेल. डोक्यात तो असतोच. कुणी विचारत नाही म्हणून माणूस त्याच्याबरोबर एकटा राहतो.

"मावशी, जीव द्यायचा विचार करताय का?"

"हो." घरातलं मीठ संपलंय म्हणावं, तितक्या साधेपणाने.

"आजच?"

"आजच."

"दार उघडता?"

"उघडलं की नेशील मला."

"नेईन. डॉक्टरांकडे. तुमच्याशी खोटं बोलणार नाही. पण तिथे टाकून येणार नाही, शेजारी बसेन."

"आणि नाही उघडलं तर?"

"मग खाली पोलीस उभे आहेत, ते फोडतील." यॉन्हीची नजर उंबऱ्यापाशच्या चपलांवर गेली. "ते बूट घालून आत येतात, मावशी."

"बूट घालून?"

"हो."

"मी सकाळपासून जमीन पुसलीय!"

"त्यांचा नियम आहे."

"मेल्यांचे नियम!" आत पावलं वाजली, आणि कडी निघाली.

यॉन्हीने बूट काढले, उंबऱ्याशी त्या चपलांशेजारी नीट ठेवले आणि आत गेली. घर इतकं स्वच्छ होतं की बघवत नव्हतं. फरशीखालून येणारी ऊब बंद केलेली, तळव्यांना गारठा लागत होता. बहिणीच्या फोटोपुढे पाण्याची वाटी. दालसुन जांभळ्या जाकिटातच होती. ती खाली बसली आणि वाकडी झालेली बोटं मांडीवर लपवू लागली. या बोटांना आता सुरी धरवत नव्हती.

"सगळ्यांची भांडी देऊन टाकली बघ," ती म्हणाली. "कुणाचं काही राहिलं नाही माझ्याकडे. तुझाच डबा राहिला होता. त्याच्यापाशी अडले होते. रिकामा द्यायचा कसा? आणि भरायचा तर बाजारात जा, मुळे आणा, मीठ लावा, मुरायला ठेवा. रोज म्हणायचे, उद्या करू. त्यात आठवडा गेला. मग काल रात्री आठवलं, तूच तर म्हणाली होतीस, रिकामा द्या."

यॉन्हीला हे ऐकवेना. त्या पोचे पडलेल्या डब्याने या बाईला आठवडाभर धरून ठेवलं होतं, आणि यॉन्हीने स्वतःच्या तोंडाने ती गाठ सोडली होती. तिला रडू फुटलं. तिच्या कामात रडायचं नसतं, ती रडली.

"अगं, तू काय रडतेस?" दालसुन घाबरून म्हणाली. "तू रडायला लागलीस तर माझ्यासाठी दुसरी सरकारी बाई बोलवायची का आता?"

यॉन्हीने नाक पुसलं, पिशवीतून डबा काढला आणि दोघींच्या मध्ये ठेवला. कड्या उघडल्या. "भरा, मावशी."

"काय भरू? सांगितलं ना, काही नाही."

"जे काही असेल ते. मी हा रिकामा नेणार नाही."

दालसुन डब्याकडे बघत राहिली. खालून गुकदादाचा आवाज येत होता. तो पोलिसांना कुठल्याशा मासेमारीची हकिकत सांगून थोपवून धरत होता. मग म्हातारी गुडघ्यावर हात रेटून उठली, बहिणीच्या फोटोखालचा खण उघडला आणि कापडाची एक पुरचुंडी घेऊन आली. सोडताना तिची बोटं गाठीत अडकत होती. यॉन्हीला मदत करावीशी वाटली, पण तिने हात आवरले. हे तिचं तिनेच सोडायला हवं होतं.

पुरचुंडीत झोपेच्या गोळ्या होत्या. डॉक्टरांनी घ्यायला दिलेल्या, तिने न घेता साठवलेल्या. दालसुनने पुरचुंडी डब्यावर उलटी केली. स्टीलवर खडखड आवाज झाला. तिने कापड झटकलं, झाकण ठेवलं, दोन्ही तळव्यांनी दाबून एक कडी लावली, मग दुसरी.

"घे," ती म्हणाली. "आता रिकामा नाही."

यॉन्हीने दोन्ही हातांनी डबा घेतला आणि मान खाली वाकवली, चांगल्या घरातून चांगली वस्तू घ्यावी तशी.

"चालतं का हे तुझ्या नियमाला?"

"हे चालतं, मावशी."

पायऱ्या उतरताना यॉन्हीने तिचा दंड धरला होता. पोलीस समुद्र पाहायला आलेल्या पाहुण्यांसारखे तोंड फिरवून उभे राहिले होते. गुकदादाने पढवलेलं दिसत होतं. शेजारीण दारातून डोकावली. "कुठे निघालात एवढं नटून?"

"जेवायला," दालसुन म्हणाली. "सरकार घालतंय."

गाडी बंदराला वळसा घालून हॉस्पिटलच्या रस्त्याला लागली. कालवांच्या शेडपाशी बायका शिंपल्यांच्या ढिगाआड वाकून बसल्या होत्या. दालसुन काचेतून त्यांच्याकडे बघत राहिली. तिचा हात यॉन्हीच्या हातात होता, बर्फासारखा थंड, पण पकड सोडत नव्हता.

"तुझ्या आईचे ते काप," दालसुन अचानक म्हणाली, "जरा खारट होते."

पुढे गुकदादा खाकरला. यॉन्ही म्हणाली, "सांगते तिला."

"सांग. आणि तो डबा आता तुझ्याकडे आलाय. म्हणजे पाळी तुझी."

"हो, मावशी. हॉस्पिटलात घेऊन येते."

"साहेब ओरडले तर माझं नाव सांग," दालसुन म्हणाली. तिने डोळे मिटून डोकं मागे टेकवलं. "पण रिकामा आणू नकोस हं. मी अजून जिवंत आहे."