सात शब्द खोडलेला शब्दकोश

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे. माझ्यात डावीकडे स्पॅनिश शब्द आणि उजवीकडे आपल्या भाषेतले अर्थ आहेत. माझे वजन विटेइतके आहे आणि स्वभावही साधारण तसाच.

एका भाषांतरकाराने वीस वर्षे खपून मला तयार केले. त्यांच्या सूनबाई म्हणत, मामंजी ताटावर बसले तरी मिठाआधी अर्थ मागतात. छपाईआधीची माझी कच्ची मुद्रिते त्या सूनबाईंनीच तपासली. छापून झाल्यावर मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आलो, आणि अगदी खालच्या फळीवर अकरा वर्षे धूळ खात पडलो.

मग तिथे शिकवायला एक बाई आल्या. स्पेनमधल्या आणि पश्चिमेकडच्या इतर लेखकांनी कल्पिलेली राज्ये त्या शिकवत. काही राज्ये आदर्श होती. तिथे कुणी उपाशी नव्हते, दारांना कड्या नव्हत्या. काही भयाण होती. तिथे शेजारी शेजाऱ्याची चुगली करी आणि लोक घरातही हळू बोलत. 'उतोपिया' या शब्दापुढे माझ्यात दोन अर्थ आहेत : 'आदर्श राज्य' आणि 'कुठेच नसलेली जागा'. बाईंनी पहिल्याच तासाला ते दोन्ही वाचून दाखवले.

वर्गात विद्यार्थी पाचच होते, पण मला दिवसातून चाळीस वेळा उघडत. माझी शिवण उसवली, तेव्हा त्यांच्यातल्या एकीने, पुस्तके बांधणाऱ्या बाइंडरच्या मुलीने, वडिलांकडचा मेणाचा दोरा आणून ती पुन्हा घातली. मुलगी मोठी वादावादी करणारी होती. बाईंनाही सोडत नसे. मित्रांनो, ते माझे सगळ्यात सुखाचे दिवस.

पुढे कुण्या पालकाने तक्रार केली की असल्या पुस्तकांनी मुले उलट बोलायला लागली आहेत. महाविद्यालयाच्या प्रबंधकांनी भयाण राज्यांच्या सगळ्या कादंबऱ्या कपाटात घालून कुलूप लावले. आदर्श राज्ये तेवढी बाहेर ठेवली.

"चांगलं तेवढं शिकवा," ते बाईंना म्हणाले.

"ते कुणासाठी चांगलं, हे मुलांनी विचारलं तर?" बाईंनी विचारले.

प्रबंधकांनी मला उचलून आपल्या खोलीत नेले. मुलांनी माझ्यातल्या काही शब्दांखाली पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या. त्यातले सात त्यांनी निवडले आणि अर्थांसकट पट्टी धरून काळ्या शाईने बुजवले. 'बंड' गेले, 'नकार' गेला, 'पहारा' गेला. 'प्रश्न विचारणे' बुजवताना शाई आरपार झिरपली आणि मागच्या पानावरचा 'पाळणा'ही त्यात बुडाला. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष होता?

मला दुखले, खोटे कशाला सांगू? पण हसूही आले. गृहस्थांना शब्दकोश वाचता येत नव्हता. 'बंड' त्यांनी त्याच्या जागी खोडले, पण 'आज्ञाधारक' अर्थाच्या स्पॅनिश शब्दापुढे 'बंड न करणारा' असे तसेच राहिले. 'होकारा'चा शब्द पाहा, तिथे पुढे लिहिले आहे, 'नकाराच्या उलट'. एक शब्द मारायचा तर त्याचा सगळा गोतावळा मारावा लागतो, आणि तेवढी शाई कुणाच्याच दौतीत नसते.

वर्षअखेरीला तपासणी समिती आली. प्रत्येक विद्यार्थ्याने एका आदर्श शहराचे वर्णन करायचे होते. बाइंडरची मुलगी मला हातावर घेऊन उभी राहिली. तिच्या शहरात रस्ते स्वच्छ होते, भांडणे नव्हती, सगळे समाधानी होते. प्रबंधक मान डोलावत होते. समितीतल्या वयस्कर प्राध्यापिकांनी मात्र विचारले, "ज्यांना हे शहर आवडत नाही, ते कुठे राहतात?"

"असं कुणी नाहीच, मॅडम. त्यांच्यासाठी आम्ही शब्दच ठेवलेला नाही," मुलगी म्हणाली, आणि तिने मला उघडून त्यांच्यापुढे ठेवले.

त्यांनी एकेक पान उलटून पाहिले. शाई सांडली असेल, असे प्रबंधक पुटपुटले.

"सात वेळा? आणि इतकी सरळ?" प्राध्यापिका म्हणाल्या. मग त्यांनी कपाटाची किल्ली मागितली. त्याच दुपारी कादंबऱ्या फळीवर परतल्या.

सगळेच गोड झाले असे मात्र नाही. पुढल्या वर्षी विद्यार्थी कमी असल्याचे कारण देऊन तो विषयच बंद केला गेला. बाई दुसऱ्या गावी शिकवायला गेल्या. मला 'डागाळलेला' असा शेरा मारून रद्दीच्या ढिगात टाकले. तिथून बाइंडरच्या मुलीने मला रीतसर अर्ज करून सोडवले. आज ती स्वतः स्पॅनिश शिकवते आणि तिच्या टेबलावर मी उघडाच असतो. कोरी प्रत मिळत होती. तिने घेतली नाही.

मित्रांनो, मला काचेच्या कपाटात ठेवून जपू नका. मी तसा टिकणारा नाही. मला उघडा, हाताळा, उसवलो तर शिवा. आणि कुणी तुम्हाला म्हणाले की तेवढे एक पान सोडून वाचा, तर आधी तेच पान काढा.