पोटात राहिलेला वास

मी कोपऱ्यातून बोलतोय. हिंदी मुलखातल्या बालाघाट शहराच्या एका घरात, पुढच्या खोलीत, आबाजींच्या तखताच्या मागं माझी जागा आहे. अंगावर जुन्या साडीचं शिवलेलं झाकण असतं. मी व्हॅक्यूम क्लिनर, तोही पिशवी नसलेला. ओढलेली धूळ साठवायला माझ्या पोटाशी एक पारदर्शक डबा आहे. घरात मला सगळे नुसतं 'मशीन' म्हणतात. परवापर्यंत मी बोलायच्या लायकीचा नव्हतो. ज्याचं स्वतःचं पोट साफ नाही त्यानं दुसऱ्याला स्वच्छता शिकवू नये, एवढं मलाही कळतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या एका मुलीनं मला पहिल्यांदा सुरू केलं, कान लावून माझा आवाज ऐकला आणि समाधानानं पाठीवर चिठ्ठी चिकटवली. मग खोका, ट्रक, गोंदियाचं गोदाम असं करत करत मी गजेंद्रच्या दुकानात आलो. गजेंद्र पंखे, कूलर, मिक्सर विकतो. गिऱ्हाइकाला मशीन कशी वापरायची हे सांगताना त्याच्या अंगात वीज संचारते. मागच्याच्या मागच्या दिवाळीत त्यानं मला दुकानातून उचललं आणि घरी नेलं.

काय थाट झाला माझा! गजेंद्रची बायको नूतन हिनं मला हळदकुंकू लावलं, वर तांदळाचे दाणे टाकले. त्यातले दोन दाणे माझ्या झडपेतून आत गेले, पण तेव्हा मी कौतुकात होतो. दाराआडच्या झाडूकडे मी चक्क नाक मुरडून बघितलं. आता आठवलं की मान खाली जाते. झाडूच्या पोटात काही राहत नाही. जे आहे ते समोर, सगळ्यांना दिसतं.

त्याच दिवाळीत या घरात एक शपथ घेतली गेली.

आबाजी म्हणजे गजेंद्रचे वडील, फकिरा. नात श्रुतिका त्यांना आबाजी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. त्यांचं सगळं आयुष्य बिडीसाठी लागणाऱ्या तेंदूपत्त्याच्या फडावर हिशेब ठेवण्यात गेलं. फडावर बसणारा माणूस बिडी ओढणार नाही तर काय करणार! पण छाती भरून यायला लागली, डॉक्टरनं दम दिला, आणि आबाजींनी श्रुतिकाला जवळ बोलावून तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "या पोरीची आन हाय मले. आजपासून बिडी बंद."

नूतनच्या डोळ्यांत पाणी आलं. गजेंद्रला उत्साह आला. तखताखाली आबाजींचं बिडीच्या थोटकांचं डबडं होतं. ते ओढताना उलटलं आणि राखेसकट थोटकं फरशीवर पसरली. गजेंद्र म्हणाला, "थांबा, आता नवी मशीन कधी कामाची!" आणि त्यानं माझी नळी तखताखाली घातली. मी ती सगळी थोटकं, राख, जळक्या पत्त्याचे तुकडे एका दमात गिळले. घरातून बिडी गेली म्हणून सगळे हसले. आबाजीही हसले.

बिडी घरातून गेली नव्हती. ती माझ्या पोटात गेली होती.

डबा तर गजेंद्रनं लगेच रिकामा केला. पण डब्याच्या वर एक जाळी असते, जाळीच्या वर स्पंज असतो, आणि मागच्या बाजूला, जिथून मी हवा सोडतो तिथं, एक घड्याघड्यांचा फिल्टर असतो. हे सगळं काढून धुवायचं असतं. माझ्या खोक्यातल्या पुस्तिकेत तसं चित्रासकट लिहिलं होतं. पुस्तिका खोक्यात राहिली आणि खोका माळ्यावर गेला. नूतननं एकदा विचारलं तर गजेंद्रनं दुकानदारी आवाजात सांगून टाकलं, "मशीनले पाणी लागलं का खतम! फक्त वरून कपड्यानं पुसायची."

मग काय, वरून पुसपुसून मला आरशासारखं चकचकीत ठेवलं गेलं. आतून कोण बघतो? वरून कीर्तन आणि आतून तमाशा अशी माझी गत झाली. राख स्पंजात मुरली, दोन-चार थोटकं केसांच्या गुंत्यात अडकून नळीच्या वळणावर बसली. मी सुरू झालो की थोड्या वेळानं माझी मोटर तापायची, आणि माझ्या पाठीतून गरम हवा निघायची. तिला बिडीचा वास होता.

रविवारी सकाळी आबाजी चौकात चहाला गेले की नूतन मला पुढच्या खोलीत फिरवायची. वास यायचा. तिला वाटायचं, तखताखाली साचलाय. ती मला आणखी फिरवायची. मी फिरलो की वास वाढायचा. जेवणाच्या वेळी गजेंद्र घरी यायचा, दारातच हवा हुंगायचा, आणि आत तखतावर आबाजी बसलेले असायचे.

आधी नुसत्या नजरा झाल्या. मग एक दिवस नूतन बोललीच.

"मामाजी, वास येऊन राह्यला न. काहून खोटं बोलता?"

"नाही ओढली वं बाई," आबाजी म्हणाले. "पोरीच्या डोक्शावर हात ठेवला होता मी. ते का खेळ हाय?"

"मंग वास कुठून येते?"

उत्तर माझ्याकडे होतं. आबाजींच्या पाठीमागे हातभर अंतरावर मी बसलो होतो, साडीचं झाकण घालून, सभ्य चेहऱ्यानं. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला आतून इतकं खवखवत होतं, पण बटण दाबल्याशिवाय माझा आवाज निघत नाही, आणि निघाला तर तो नुसता घोंघावतो.

एकदा खुंटीवरच्या आबाजींच्या सदऱ्याचे खिसे चाचपताना गजेंद्रला त्यांनी दारातून पाहिलं.  त्यानंतर बाहेरून आले की चपला काढायच्या आधी ते स्वतःच दोन्ही खिसे उलटे करून दाखवायचे. कुणी मागितलं नसतानाही. खिशांची पांढरी अस्तरं बाहेर लोंबत असायची आणि ते उंबऱ्यात उभे राहायचे. गजेंद्र मोबाइलमध्ये बघत 'हं' म्हणायचा. शाळेतल्या पोरासारखं त्या म्हाताऱ्या माणसाला उभं राहिलेलं बघून मला माझी वायर गुंडाळून कुठं तरी निघून जावंसं वाटायचं.

पावसाळ्याच्या शेवटी श्रुतिकाला ताप आला. उतरायचा आणि पुन्हा चढायचा. रक्त तपासलं, सलाइन लागली, नूतन रात्रंदिवस तिच्या उशाशी बसली. शेजारची राखी बघायला आली. जाता जाता बोलून गेली, "पोरीच्या आनेची गोष्ट हाय बाई, हलकी नसते." राखी बोलून मोकळी झाली. नूतनच्या मनात मात्र ते रुतलं.

त्याच दिवशी पोरीला बघायला पाहुणे येणार म्हणून तिनं मला फिरवलं. वास आला. नूतन माझं बटण तसंच चालू सोडून आबाजींसमोर जाऊन उभी राहिली.

"तुमची तलफ माह्या पोरीच्या जिवावर उठली, मामाजी. कधी तरी खरं बोला!"

मी मागं घोंघावत होतो. वास सोडत होतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देत होते, आणि चोर तिथंच, भर खोलीत, ढोल वाजवत उभा होता.

 दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत दोन धोतरं आणि औषधं घालून आबाजी खैरलांजीच्या बसनं गेले, मुलीकडे, गीताकडे. श्रुतिका झोपली होती. ते तिच्या खाटेजवळ थांबले. नेहमी डोक्यावरून हात फिरवून जायचे. त्या दिवशी हात पाठीमागे धरून उभे राहिले आणि तसेच गेले.

श्रुतिका बरी झाली. ते औषधानं झालं, पण घरात सगळ्यांना वाटलं की आबाजी गेले म्हणून झालं. मला वाटलं होतं, माझी लाज इथवरच असेल.

पण वास गेला नाही. आबाजी नव्हते, त्यांची गादी नव्हती, खिसे नव्हते, तरी रविवारी वास हजर. गजेंद्र म्हणाला, भिंतीत मुरलाय. नूतननं पडदे धुतले, तखत उन्हात टाकलं. वास हजर. मग माझीही ताकद सरली. शेंगदाण्याचं फोलपट ओढताना मी शिट्टी मारल्यासारखा किंचाळलो आणि बंद पडलो. गजेंद्र म्हणाला, "देऊन टाकू कबाडीले." मी मनात म्हटलं, दे रे बाबा, एकदाचा सुटतो.

श्रुतिकानं मोबाइलवर माझ्यासारख्या मशीनचा व्हिडिओ लावला होता, तिच्या शाळेच्या हिंदीत म्हणाली, "मम्मी, देखो ना, इसमें तो बोल रहे हैं, हर महीने खोलके धोना है।"

परवा सकाळी नूतननं मला अंगणात जुन्या चादरीवर आडवं केलं आणि उघडलं. काय सांगू! भर अंगणात कुणी कपडे काढावेत तसं वाटलं. डबा काढला, झाकण काढलं, जाळीचा शंकू फिरवून बाहेर ओढला. त्याला धुळीचा जाड थर बसला होता. ब्रशच्या रुळाला केसांची वेणी गुंडाळली होती, ती कात्रीनं कापावी लागली. मग निघाली रांगोळी, धानाचा कोंडा, टिकल्या, पेन्सिलीचा भुगा, आणि दिवाळीचे ते दोन तांदूळ, हळदीनं अजून पिवळे. नूतन तोंडाला पदर लावून म्हणत होती, "बापा! हे सारं पोटात घेऊन फिरत होती का मशीन?"

मग तिनं स्पंज काढून पाण्याच्या बादलीत दाबला.

पाणी काळं-तपकिरी झालं आणि वास उठला. सगळं अंगण बिडीच्या वासानं भरलं. नूतनचा हात बादलीतच राहिला. तिनं हळूहळू हात बाहेर काढला, हुंगला. मग ती उठली, झाडूची एक काडी घेतली आणि माझ्या नळीच्या वळणात खुपसली. केसांचा गोळा बाहेर पडला. तिनं तो बोटांनी सोडवला. आत थोटकं होती, चुरगळलेली. एकाला अजून गुलाबी दोरा होता.

नूतन चादरीवर मटकन बसली.

गजेंद्र जेवायला आला तेव्हा ती तशीच बसलेली होती, माझे सुटे अवयव भोवती. तिनं तळहात उघडून दाखवला. "तुम्ही ओढले होते हे, तखताखालून. त्याच दिवशी. मशीनले पाणी लावू नको, असं तुम्हीच म्हटलं होतं."

गजेंद्रनं थोटकं बघितली, बादली बघितली. साऱ्या गावाला मशीन समजावणारा तो माणूस तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. मग म्हणाला, "फोन लाव न बाबाले."

"तुम्ही लावा."

"मी काय बोलू?"

दोघंही फोनकडे बघत बसले. शेवटी श्रुतिकानंच लावला आणि स्पीकरवर टाकला.

"पोरगी बरी हाय न?" आबाजींचा पहिला प्रश्न.

"मीच बोलून राह्यली आबाजी. मी बरी हाय. बिडी मशीनच्या पोटात होती. तो वास मशीनचा होता, आबाजी. तुमचा नव्हता."

 पलीकडून आबाजी हळूच म्हणाले, "मंग मी नाही ओढली?"

"नाही न बाबा," गजेंद्र फोनजवळ तोंड नेऊन म्हणाला.

"मले वाटे, झोपेत ओढत असन. रोज सकाळी उठून हात हुंगून पाहत होतो मी. पोरीले ताप आला तं वाटलं, आपल्याच हातून झालं."

नूतन पदरात तोंड घालून रडली. चादरीवर मी सुटासुटा पडलो होतो. माझ्याजवळ पदरही नव्हता.

स्पंज आणि फिल्टर सावलीत नीट वाळवून काल मला जोडलं. सुरू केलं तेव्हा माझा आवाज कारखान्यातल्या त्या मुलीनं ऐकला होता तसाच आला. हवेला कसलाही वास नाही. नूतननं मात्र मला कुंकू लावलं नाही, आणि मी ते मागणारही नाही. माझं एकच मागणं आहे. घरात कधी वास आला, खोट वाटली, तर आधी मला उघडा. मला उघडायला दोन खटके दाबले की पुरतं.

आज सकाळच्या बसनं आबाजी आले. गजेंद्र स्टँडवर घ्यायला गेला होता. येताना दोघं काय बोलले ते मला माहीत नाही.  उंबऱ्यात आबाजींनी पिशवी खाली ठेवली आणि चपला काढायच्या आधी, सवयीनं, दोन्ही खिसे उलटे केले.

पांढरी अस्तरं बाहेर आली. नूतननं मान फिरवली. गजेंद्र तिथंच खाली बसला, आणि एक एक करून ते खिसे त्यानं स्वतःच्या हातानं आत घातले.