पायरीवरची लिंबू-मिरची

स्टुलावर चढून कांताने पुंडलिकरावांच्या साडीच्या दुकानावरची वाळकी लिंबू-मिरची सोडली, आणि तेवढ्यात पुलगावच्या बाजारात अतिक्रमणवाल्यांची गाडी शिरली. धडपडत खाली उतरून तिने आपली भाजीची टोपली दुकानाच्या उंबऱ्याआत ढकलली. त्या घाईत हातातली माळ सुटून पायरीवर पडली.

टोपली एकदा गाडीत चढली की गेलीच. मागच्या हप्त्यात शेजारच्या आनंदाबाईची गेली. ती आता लोकांची भांडी घासते. आणि गाडी बोलावणारे पुंडलिकरावच होते. टोपल्यांपायी गिऱ्हाइकाला पायरी सापडत नाही, रस्ता मोकळा करा, असं ते व्यापाऱ्यांच्या बैठकीत बोलले होते. खोटं नव्हतंच ते. दर शनिवारी नवी माळ मात्र त्यांना कांताच्याच हातची लागे.

गाडीवरचा मुकादम प्रफुल दुकानापाशी आला. पुंडलिकरावांनी गादीवरूनच आतली टोपली दाखवली, घेऊन जा म्हणाले. प्रफुलच्या माणसाने पाय उचलला, खाली पाहिलं आणि तसाच मागे घेतला. उतरवलेली माळ कोण ओलांडणार? प्रफुलने ती उचलायला सांगितली, तर साहेब, तुम्हीच उचला, असं उत्तर मिळालं. लग्नाच्या बस्त्याला आलेल्या दोघी बायका पायरीशी थबकल्या आणि पलीकडच्या दुकानाकडे बघू लागल्या.

पुंडलिकराव लगबगीने उठून आले. वाकले. हात अर्ध्यावरच थांबला.

“कांताबाई, तुमीच उचला ना.”

“उचलतो जी. पन टोपली?”

पुंडलिकरावांनी त्या दोघींकडे पाहिलं, मग प्रफुलकडे.

“राहू द्या. दुकानातलीच हाय ते.”

प्रफुलने सुटकेचा निःश्वास टाकला. गाडी पुढे निघाली.

कांताने माळ उचलून पिशवीत टाकली. नाचणगावच्या तिच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. दारावर लिंबू कधीच नव्हतं. ती पुन्हा स्टुलावर चढली. नवी माळ बांधताना तिचं लक्ष रस्त्याकडेच होतं, गाठ काही बसेना. पुंडलिकराव खालून बघत होते.

“हे हातात घ्याले भेव नाई लागत तुमाले?”

“याचं नाई लागत जी.” वळणावर दिसेनाशा होणाऱ्या गाडीकडे बघत ती म्हणाली, “गाडीचं लागते.”