साखळीचा दांडा

पळसटोल्याच्या नाक्यावर सुकरी पडली, ही खबर आली तेव्हा मुखरू लोहार भट्टीवर विळ्याला पाणी देत होता. सांगणाऱ्याने एवढंच सांगितलं, "साखळी एकदम उठली आन् बाई पाटीसकट आपटली. पाय मोडला." दांड्याचा आकडा तुटला असणार, हे मुखरूला न सांगता कळलं.

नाक्याचा दांडा त्यानेच केला होता. चामोर्शीच्या त्या जंगलरस्त्यावरून चोरीचं सागवान जायचं आणि नाकेदार हाताने साखळी बांधेपर्यंत गाडी पसार व्हायची. चौपन्न सालच्या होळीनंतर रेंजरसाहेब स्वतः भट्टीवर आले. मुखरूने आठ दिवसांत तोड काढली. रस्त्याच्या दोन बाजूंना दोन खांब. साखळीचं एक टोक एका खांबाला पक्कं. दुसरं टोक समोरच्या खांबावरच्या कप्पीतून नेऊन लांब दांड्याला बांधलेलं. दांड्याच्या मागच्या बाजूला भला मोठा धोंडा. नाकेदाराने पुढचं टोक खाली दाबून लोखंडी आकड्यात अडकवलं की साखळी सैल होऊन रस्त्यावर निजायची, वाट मोकळी. आकडा सोडला की धोंडा खाली, दांडा वर, आणि साखळी कमरेएवढी ताठ. एका हाताचं काम. साहेबांनी पाठ थोपटली. बाजाराला जाणारे लोक थांबून थांबून बघायचे.

फक्त आकडा वाकवताना लोखंड भट्टीत जरा जास्त राहिलं होतं. वळणावर केसाएवढी चीर पडली होती. मुखरूला ती दिसली. दुसऱ्या दिवशी साहेब येणार होते. त्याने चिरेवर हातोडी मारली, तेल चोपडलं आणि म्हणाला, चालून जाते.

ते दीड महिना चाललं.

दुपारी तो नाक्यावर गेला. जंगू नाकेदार झाडाखाली डोकं धरून बसला होता. साहेबांनी त्याला कामावरून काढून अंगावरचा खाकी सदरा उतरवून घेतला होता. बाजारासाठी आणलेली सुकरीची मोहफुलं रस्त्यावर चेंदून पडली होती.

"मुखरूभाऊ, म्या मोकळी ठेवली होती साखळी," जंगू म्हणाला. "पाच-सहा बाया गेल्या. सुकरी बीचमध्ये होती आन् कडकन आवाज आला. साहेब म्हणते, तू पिऊन होता, तूनंच दांडा सोडला, त्याच्या हिसक्यानं आकडा तुटला. आमच्या पेनाची आन, म्या घेतली नोती."

आपल्या देवाची आण गोंड माणूस उगाच घेत नाही. मुखरूच्या ओठावर आलं होतं, मले मालूम हाये. ते त्याने गिळलं. खांबापाशी जाऊन आकड्याचा तुकडा उचलला. तुटलेलं तोंड अर्धं काळं होतं, अर्धं चकचकीत. काळं म्हणजे जुनी चीर, चकचकीत म्हणजे आजची. लोहाराच्या घरात वाढलेल्या कुणीही ते वाचलं असतं. त्याने तुकडा धोतराच्या सोग्यात बांधला आणि घरी आला.

दोन दिवस तो एका जागी बसला नाही. भाता ओढायला बसे आणि उठे. विहिरीवर जाई आणि रिकामी बादली घेऊन परत येई. तिसऱ्या दिवशी त्याची बायको भागीरथा वैतागली.

"काऊन असे फिरून राह्यले? कुत्र्यावानी गोल गोल!"

त्याने सोगा सोडून तुकडा तिच्यापुढे ठेवला. "ही चीर. मले दिसली होती. बसवायच्या आगुदरच."

भागीरथाने तुकडा उजेडात धरून पाहिला. मग तिने तो परत त्याच्याकडे सरकवला. "मंग मले काऊन दाखवता? ज्याले दाखवाचं त्याले दाखवा."

रेंज कचेरी तीन कोसांवर. मुखरू उन्हातच निघाला. साहेबांनी तुकडा हातात घेतला, ऐकून घेतलं, आणि दार लोटलं.

"रपट वर गेली आहे, मुखरू. हा दांडा मी वरच्या साहेबांना दाखवला, आणखी चार नाक्यांवर बसवायचं ठरतंय. ते काम तुझंच. जंगूचं काय, दुसरीकडे लागेल कुठेतरी. घरी जा."

मुखरू बाहेर आला. ओसरीवर परवान्यासाठी आलेले दहा-बारा गाडीवान बसले होते. तो पायरी उतरला आणि थांबला. पाय पुढे जाईनात. तो वळला आणि तिथूनच ओरडला, "साहेब, जंगू पिऊन नोता! आकडा म्या खराब केला होता! लिहा तुमी, मी आंगठा देतो!"

गाडीवान उठून उभे राहिले. कारकुनाची लेखणी थांबली. साहेब दारात आले, लालबुंद, पण एवढ्या माणसांपुढे काय बोलणार? "घे लिहून," ते कारकुनाला म्हणाले. मुखरूने अंगठा दिला. चार नाक्यांचं काम गेलं ते गेलंच.

परतताना तो सुकरीच्या घरी गेला. पायाला बांबूच्या कामट्या बांधून ती बाजेवर पडली होती. त्याने सगळं सांगितलं.

"तुले दिसली होती चीर?" तिने विचारलं.

"हो."

"मंग तीन दिवस त्या जंगूले काऊन शिव्या खाऊ देल्ल्या? म्या बी देल्ल्या त्याले. माय-बहिणीवरून." तिने तोंड कुडाकडे फिरवलं. "जाय आता."

पुढे ती काठी टेकत चालू लागली, पण मुखरूशी पुन्हा कधी बोलली नाही.

अंगठा दिल्याच्या आठव्या दिवशी जंगू परत कामावर आला. मुखरूने नवा आकडा करून आणला होता. तो ठोकून झाल्यावर जंगूने दांडा अडकवला. साखळी रस्त्यावर पडली. पलीकडे बांबूच्या गाड्यांची रांग लागली होती.

"आता तू उभा राह्य," जंगू म्हणाला.

"कुठी?"

"साखळीवर. एक पाय इकडं, एक तिकडं."

मुखरू जाऊन उभा राहिला. जंगूने दांड्याच्या टोकाला गदागदा हलवलं. धोंडा मागे हिंदकळला. पायांमधली साखळी खुळखुळली. मुखरूला डोळे मिटावेसे वाटले, पण त्याने मिटले नाहीत. जंगूने धोंड्यावर पाय देऊन सगळं अंग टाकलं. आकडा करकरला, पण हलला नाही.

"अबे, सोडा ना रस्ता!" मागून एक गाडीवान ओरडला.

"थांब," जंगू म्हणाला, आणि पुन्हा एकदा धोंड्यावर चढला.