माझ्या अंगावरचा ‘डा’

मित्रांनो, गाडी सुसाट पळाली की शाबासकी मिळते इंजिनाला. वेळेवर थांबली म्हणून कोणी कोणाची पाठ थोपटत नाही. ते थांबवण्याचे काम माझे. मी एका जुन्या मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकातला ब्रेकचा कॅलिपर आहे. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी गरगर फिरत असते. तुम्ही मुठीत काठी आवळता ना, तशी मी ती दोन्ही बाजूंनी आवळतो. उजव्या चाकात माझा जुळा भाऊ हेच काम करतो.

माझा जन्मच मारझोडीत झाला. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले, साचा घणाने फोडला आणि पोलादी दातांनी माझे पोट कोरून काढले. त्या पोकळीत एक गुळगुळीत नळकांडे बसवले. त्याला पिस्टन म्हणतात. चालवणाऱ्याने ब्रेकवर पाय दिला की नळीतून तेल धावत येते, पिस्टनला ढकलते आणि मी तबकडीचा गळा धरतो. पाय उचलला की सोडतो. धरण्याइतकेच हे सोडणेही महत्त्वाचे, बरे का.

आमचे मालक, म्हणजे काका, शिंपी होते. त्यांची बायको नर्स. घर उताराच्या माथ्यावर, दवाखाना पायथ्याशी आणि मधल्या वळणावर एक दगडी भिंत. नर्सकाकू रोज गाडी घेऊन खाली जायच्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांच्या जखमा धुवायच्या, इंजेक्शने द्यायच्या. त्या वळणावर मी तबकडीला कडकडून चावायचो. अंग भाजून निघायचे, पण काकू सुखरूप पोहोचायच्या. माझे त्यातच समाधान होते.

वर्षे गेली. माझ्या तोंडावरची रबरी टोपी फाटली आणि चिखल आत शिरला. ब्रेकचे तेल कोणी बदलले नाही, त्यात पाणी मुरले. गंजाने पिस्टनला असे पकडले की मला धरता यायचे, पण सोडता येईना. काकूंनी पाय उचलला तरी मी तबकडीला खातच राहायचो. एके दिवशी ती लालभडक झाली, चाकातून काळा धूर निघाला आणि दवाखान्यासमोर लोकांनी माझ्यावर बादल्या ओतल्या. तापलेल्या अंगावर गार पाणी! मी किंचाळलो. लोकांना फक्त ‘चर्र’ ऐकू आले.

“आता तरी मिस्त्रीकडे द्या गाडी,” काकू घरी येऊन म्हणाल्या.

“मिस्त्री कशाला? दोन बोल्ट नि एक रबर! सूट शिवणाऱ्याला एवढं जमू नये?”

“सूट उसवला तर माणूस मरत नाही हो.”

पण काका ऐकतील तर शपथ. त्यांनी शिवणाच्या खडूने भावाच्या पाठीवर ‘उ’ आणि माझ्या पाठीवर ‘डा’ लिहिले. मग हातोडा घेतला. गंजलेले बोल्ट सुटेनात, तेव्हा पान्याला लांब पाइप लावून त्यावर अख्खे वजन टाकले. बोल्ट कडाडले, काकांची बोटे सोलली आणि आम्ही दोघे शिवणाच्या खोलीतल्या टेबलावर येऊन पडलो.

पिस्टन काही निघेना. काकांनी पंक्चरवाल्याकडून हवेचा पंप आणला आणि तेलाच्या भोकातून माझ्या पोटात हवा भरायला सुरुवात केली. माझे पोट फुटायला आले.

“अहो, तोंड बाजूला घ्या!”

“अगं, घाबरतेस काय, ही काय बंदूक—”

धाड! पिस्टन गोळीसारखा सुटला. काकांच्या कानाजवळून गेला आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या, कपडे मापाला लावून बघायच्या पुतळ्याच्या छातीत घुसला. पुतळा उताणा पडला. बटणांची बरणी फुटून बटणे खोलीभर उधळली.

काकू पुतळ्याकडे बघत राहिल्या. “तिथं तुमची छाती असती तर?”

भावाच्या वेळी मात्र त्यांनी मुकाट्याने तोंडाशी लाकडी ठोकळा आणि जाड चिंध्या लावल्या.

पुढचे काम त्यांनी मोठ्या मायेने केले, खोटे का बोलू! माझ्या पोटातली जुनी रबरी कडी लाकडी काडीने काढली, नेफ्यातून नाडी ओढावी तशी. नवी कडी ब्रेकच्या तेलात भिजवून बसवली. नवा पिस्टन अंगठ्याने सरळ आत दाबला. त्याआधी तारेच्या ब्रशने आणि स्पिरिटने आम्हाला लख्ख घासले होते. गंज गेला, चिखल गेला आणि मित्रांनो, त्याबरोबर खडूची खूणही गेली.

काकांनी आम्हा दोघांना हातात धरून उलटसुलट पाहिले. क्षणभर अडखळले. मग “हा उजवा,” असे ठामपणे म्हणून त्यांनी मला उजव्या चाकात आणि भावाला डाव्या चाकात बसवले.

आम्ही जुळे, बोल्ट सारखेच, त्यामुळे बसलो तर खरे. पण हवा काढायचा छोटा स्क्रू आमच्या अंगाला वरच्या टोकाला असतो. चुकीच्या बाजूला गेल्याने तो खाली लोंबू लागला. काकांनी नवे तेल भरले, स्क्रू सैल करून हवा काढली असे मानले. पण हवेचा गोळा माझ्या पोटात वर दडून बसला होता. तेल दाबले तर पिस्टनला ढकलते. हवा दाबली तर नुसती चेंगरते.

“पाय खाली जातोय हो,” काकू म्हणाल्या.

“दोनचारदा दाब. बघ, झाला ना घट्ट? नवं रबर आहे, रुळेल.”

मला सगळे कळत होते, पण मला वाचा कुठली! सकाळी काकू एकट्याच उतार उतरणार होत्या.

“आत्ताच एक फेरी मारू,” काकू म्हणाल्या. काका शेजारी बसले.

वळण आले. काकूंनी ब्रेक दाबला आणि त्यांचा पाय थेट तळाला गेला. मी जीव खाऊन तबकडीकडे झेपावलो, पण अंगात जोरच नव्हता. काकूंनी हातब्रेक खेचला आणि गाडी भिंतीवर घातली. डावे दार दगडांवर कर्रकर्र फाटत गेले. आरसा फुटला. काचेवर काकांचे कपाळ आपटले आणि रक्त त्यांच्या शर्टवर उतरले. मग गाडी थांबली.

मागून आलेल्या दूधवाल्याने गाडी दोराने ओढून घरापर्यंत पोहोचवली. काकूंनी काकांना अंगणातल्या बाकावर बसवले आणि पिशवी उघडली.

“टाके बारीक घाल,” काका कण्हत म्हणाले.

“शिंपी तुम्ही आहात. गप्प बसा.”

त्यांनी औषध सिरिंजमध्ये ओढले, सुई आभाळाकडे धरली आणि टिचकी मारली. बुडबुडा वर चढला. दट्ट्या दाबताच तो सुईतून निघून गेला.

काका त्या सुईकडे टक लावून बघत होते. “सुई वर का धरलीस?”

“हवा वरच जाते ना. खाली धरली तर आतच राहील.”

काका रक्ताळलेल्या कपाळाने तसेच उठून चाकाजवळ ओणवे झाले. “अगं… स्क्रू खाली आहे!”

काकूही वाकल्या. स्क्रू बघून म्हणाल्या, “डाव्या खांद्याला उजवी बाही जोडलीत तुम्ही.”

दुसऱ्या दिवशी आम्हाला पुन्हा सोडवले. या वेळी काकांनी खडू घेतला नाही. पंक्चरवाल्याला विचारून नाजूक जागा टाळली, छिन्नी टेकवली आणि माझ्या पाठीवर घाव घातले. पोलाद माझ्या अंगात रुतले. मी कळवळलो, पण ‘डा’ उमटला तेव्हा मला अभिमान वाटला. भावाला ‘उ’ मिळाला. मग आपापल्या जागी बसवल्यावर काकू ब्रेक दाबत राहिल्या, काका वरचा स्क्रू सैल करत राहिले आणि माझ्या पोटातली हवा फसफसत बाहेर पडली.

आधी घरासमोरच्या सपाट रस्त्यावर गाडी पुन्हा पुन्हा थांबवून पाहिली. मगच उतार. त्या भिंतीवर आमच्या दाराचा रंग अजून चिकटलेला होता. काकूंनी पाय दिला. मी तबकडीचा गळा असा आवळला की चारही चाके जागच्या जागी थबकली. काकूंनी पाय उचलला आणि मी सोडून दिले.

“आता काय म्हणतेस?” काकांनी कपाळावरची पट्टी चाचपत विचारले.

“म्हणते की वर्षातून एकदा याचं तेल बदला. पुढच्या वेळी कपाळावर जागा नाही.”

बालमित्रांनो, तुमची सायकल असो की आजीचा चष्मा, एखादी वस्तू उघडण्याआधी पुसली न जाणारी खूण करा. आणि तुमच्यासाठी रोज मुकाट्याने भाजून घेणाऱ्याकडे, त्यातून धूर येण्याआधीच, एकदा वाकून बघा.