मोंबाशाचा नारळ

जरा हात लाव गो बायजा, पाटी उतरव आधी, मान मोडली माझी. इतके दिवस केसर असायची संगतीला, एकमेकींची पाटी उतरवायचो, आता मी एकटीच आणि पाटीत सुकी मासळी कमी न् नारळच जास्त. हसू नको. म्हसळ्याच्या बाजारात कोळ्याची पोर नारळ घेऊन का आली ते सांगते, पण रंगू, तू मधे बोलायचं न्हाय, तू मधे बोललीस की मी भलतीकडंच जाते.

केसर माझी थोरली बहीण, बघितलीय तुम्ही, माझ्यापुढं चालायची ती, मुकी मुकी. तिचा नवरा सदा, म्हणजे आमचे भावजी, मोंबाशाला असतात. मोंबासा मुंबईला लागून न्हाय गो, आमच्या आयेलाही तसंच वाटायचं. आफ्रिकेत हाय, दर्या ओलांडून जायचं. तिथल्या बंदरात भावजी लहान बोटीवर काम करतात, मोठ्या आगबोटी ओढून धक्क्याला लावायच्या. लग्न झालं आणि पहिला सण यायच्या आत गेले, आणि केसर आमच्याकडंच राहिली, कारण भावजींचे आईबाप न्हाईत, सासर म्हणायला एक कुलूप लावलेलं घर.

तर ते दोन वरसांनी, दिवाळी झाल्यावर आले. पायात बूट, डोक्यावर गोल टोपी, हातात छत्री, आणि थंडीचे दिवस, पाऊस कुठं? पण छत्री उघडी. अख्खा कोळीवाडा आमच्या ओटीवर. पेटी उघडली तर काय, केसरला लाल चामड्याच्या चपला, आयेला बिस्किटांचा डबा, आमच्या बा ला एक सुरी, संपलं. आमच्या शेजारच्या भिकूला वाटत होतं आपल्याला घड्याळ येणार. तो रिकाम्या पेटीत वाकून वाकून बघायला लागला, कोपऱ्यात हात घालून बघितला त्यानं. भावजींच्या ते ध्यानात आलं आणि तिथनं सगळं सुरू झालं. म्हणाले, काय आणणार रे, तिथं रोजचं खायचंच इतकं महाग की हातात काय राहात न्हाय. सोनूबाईनं, म्हणजे भिकूच्या आईनं, विचारलं, महाग म्हणजे किती? भावजींनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि समोर आमच्या दारातला माड दिसला. म्हणाले, नारळच घ्या.

सोनूबाईला सांगितला तेव्हा नारळ चार आण्याला होता. संध्याकाळी वरच्या आळीतली माणसं आली तेव्हा सहा आण्याला गेला. दुसऱ्या दिवशी बंदरावर गेला तो शिलिंगाला, शिलिंग म्हणजे आपले दहा आणे म्हणे. आणि आमच्याकडं नारळ आण्याला दोन. जितकी माणसं जास्त तितका भाव वर. बटाटा तिथं सोनाराच्या काट्यावर तोलतात, अंडं फुटलं तर घरात कोण जेवत न्हाय, आणि सुका बोंबील कोणाकडं आला तर आधी सगळ्यांनी हुंगायचा आणि मग भाजायचा. मी तोंडावर पदर धरून हसत होते, पण लोक हसत न्हवते. लोकांना खरंच वाटलं.

आणि त्यांना दया आली गो. हे भावजींच्या हिशेबात न्हवतं. भिकूचं तोंड बंद झालं ते बरं झालं, पण सोनूबाई दुसऱ्या दिवशी दोन नारळ घेऊन आली, म्हणाली, बिचारा दोन वरसं नारळावाचून राहिला, घाला पोटभर. तिचं बघून वरच्या आळीतनं आले. मग खालच्या. चांगदेव तांडेलानं तर शहाळ्यांचा घोसच आणून टाकला. जो येईल तो नारळ ठेवणार आणि समोर बसणार, खाताना बघायला. सकाळी खोबरं, दुपारी सोलकढी, कालवणात नारळाचं वाटप, भातावर खोबरं, आणि रात्री आये म्हणणार, घ्या ना जावईबापू, तिकडं कुठं मिळणार. भावजींचा चेहरा बघवत न्हवता. नारळ दिसला की ते छत्री घेऊन बाहेर जायचे.

आता मुद्दा ऐका. भावजी आले होते केसरला न्यायला. बंदरावर त्यांना एक खोली मिळाली होती, पत्र्याची, पण आपली एकट्याची. परतीची आगबोट शिमग्याआधी. केसर काय बोलायची न्हाय, पण मी बघितलं ना, दुपारी सगळी जाळ्यांवर गेली की ती माजघरात त्या लाल चपला घालायची आणि भिंतीपासनं चुलीपर्यंत चालायची. परत यायची. पायात कधी काय घातलंय आम्ही? बदकासारखी चालायची. मी दाराच्या फटीतनं बघितलं आणि गप राहिले, तुम्हीही गप राहा.

तर भावजींनी एकदा जेवणं झाल्यावर विषय काढला. आणि आये, ठमाबाई गो, आख्ख्या बंदरावर जिच्यापुढं दलाल घाबरतात ती, म्हणाली न्हाय. साफ न्हाय. जिथं नारळ दहा आण्याला तिथं माझी पोर कालवणात काय घालणार? पाणी? माझी केसर वाटपावाचून घास गिळत न्हाय. तुम्ही या, जा, पैसे पाठवा, पोर इथं राहील. भावजी बा कडं बघायला लागले. बा जाळं विणत होता, तो म्हणाला, घरात नारळाचा कारभार हिच्याकडं हाय. आतमध्ये केसरनं भांडी घासायला घेतली, आणि ती भांडी घासून झालेली होती.

मग भावजींनी काय केलं असेल? सकाळी उठून भाव खाली आणला. सहज बोलल्यासारखं म्हणाले, तशी महागाई मागल्या साली होती, आता नारळ उतरलाय, आठ आणे असेल.

इथं चुकले. तुम्हा भातवाल्यांना हे कळायचं न्हाय. आमच्या किनाऱ्यावर मासळीचा वाटा मांडला की विकणारीनं दुप्पट सांगायचं आणि घेणारीनं अर्ध्याच्या खाली मागायचं. न भांडता पैसे टाकले तर विकणारीला चार दिवस चैन पडत न्हाय, की आपण कमीच सांगितलं. आणि समोरचा एकदा खाली आला की त्याला सोडायचं न्हाय. आयेचं अख्खं आयुष्य त्यात गेलं. भावजी दहाचे आठ बोलले मात्र, तिनं हातातला कोयता ठेवला, पदर खोचला आणि उकिडवी बसली, जशी वाट्यापुढं बसते तशी. म्हणाली,

"तीन."

भावजींना कळलंच न्हाय आधी. पण तेही ह्याच दर्यावरचे ना, त्यांच्या तोंडातनं आपोआप गेलं की तीनला परवडत न्हाय, सातला घ्या. झालं. सोनूबाई धावत आली, भिकू आला, वरची आळी आली. आये म्हणाली सातला तुमच्या मोंबाशातच ठेवा. ती उठून निघाली पण, दारापर्यंत गेली, आमच्यात असं उठून जायचं असतं, आणि भावजींनी खरंच तिला हाक मारून परत बोलावलं, बसा हो, पाचला देतो. मधेच तांदूळ आला, तो तिनं खाली पाडला. तेल पाडलं. बटाटा तर तिनं नको म्हणूनच सांगितला, तेव्हा भावजी म्हणाले, बटाटा वर फुकट टाकतो. भिकू भावजींच्या बाजूनं, सोनूबाई आयेच्या, आणि तांडेल मधे बसून दोघांना शहाळं देतोय. भावजींच्या कपाळावर घाम, टोपी कधीच खाली. अर्धा दिवस गेला. शेवटी आये म्हणाली, "एक आणा. ह्या भावात पोर देते."

"दिला," भावजी म्हणाले, आणि दोघांनी हातावर हात मारला.

अख्ख्या ओटीनं टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मला वाटलं सुटलो. आणि टाळ्या थांबल्यावर बा नं जाळ्यातनं मान वर केली आणि विचारलं,

"अरे, पण दुकान कोणाचं?"

आयेचा हात तसाच हवेत. आणि मग ती उठली ती खरंच उठली, परत बोलावण्यासारखी न्हाय. आख्ख्या वाड्यासमोर तिचं हसं झालं होतं ना. म्हणाली, "दहाचा एकावर आला. मासा येवढा उतरतो तेव्हा तो सडलेला असतो, जावईबापू." पोर काय ती येत न्हाय. जो माणूस नारळाचा भाव खरा सांगत न्हाय तो तिकडं पोरीला कसा ठेवेल?

आता भावजी रडायचेच बाकी. आगबोट आठ दिवसांवर आलेली. ते म्हणाले, आये, भाव राहू द्या, जागा तरी ऐका. आणि सांगायला लागले, घाईघाईनं, की अगदी आपल्यासारखं हाय तिथं, तशीच खाडी, तशीच वाळू, केसरला परकं वाटायचंच न्हाय. खोलीच्या दाराला लागून माड. किनारा दिसतोय तिथवर माडच माड. पहाटे वारा सुटला की पत्र्यावर नारळ पडतात, दणका बसतो आणि मी दचकून उठतो, मला वाटतं मी इथंच हाय, तुमच्या ओटीवर.

शेवटचं ते मात्र काय कोणाला दाखवायला बोललेलं न्हवतं गो.

आणि आतनं केसर आली. तीन महिन्यांत माणसांसमोर पहिल्यांदा बोलली. म्हणाली,

"पत्र्यावरचा नारळ उचलायला किती आणे पडतात?"

सगळ्यांनी वर बघितलं. मग सगळ्यांनी खाली बघितलं. तिच्या पायात लाल चपला होत्या, काढायच्या विसरली होती. आयेनं चपला बघितल्या, आणि बघतच राहिली.

भावजींनी मग सगळं ओकलं. ते तिथं दुकानाची पायरीच चढले न्हवते कधी. धक्क्यावरची माणसं एका खानावळीत जेवतात, खानावळवाला पगारातनंच पैसे कापून घेतो आणि हळद घातलेलं पाणी वाढतो. कालवणात नारळ का न्हाय विचारलं की म्हणतो, महाग हाय. किती महाग ते त्यानं कधी सांगितलं न्हाय, ते आकडे भावजींचे. आणि पत्र्यावरचे नारळ? भावजी म्हणाले, ते कसे घेणार, माड दुसऱ्याचा.

ह्यात कोणी हसलं न्हाय, बायजा, कारण आमच्यात तसंच हाय. ज्याचा माड त्याचा नारळ. वाटेत पडलेला दिसला तर उचलून मालकाच्या ओटीवर नेऊन ठेवायचा. भावजी तिथंही तेच करत होते. रोज कामावर जायच्या आधी पडलेले नारळ गोळा करायचे आणि त्या माडवाल्या म्हातारीच्या दारात ठेवायचे. ती हसायची. रोज हसायची. तिची बोली येत न्हाय, म्हणून ह्यांना वाटायचं, भली बाई हाय, आभार मानते.

आये खाली बसली. हळूच विचारलं, माड किती म्हणालात? भावजी म्हणाले, नजर पोचेल तिथवर. आये म्हणाली, "आणि तुम्ही उचलून नेऊन दिलात म्हणून मालकीण हसते. अहो, तिला ते झाडून काढायचा कंटाळा आला असेल."

मग काय तिचा राग उसळला. पण भावजींवर न्हाय. त्या खानावळवाल्यावर. बघितलेला न्हाय, नाव ठाऊक न्हाय, पण तिनं त्याला ओटीवर उभा करून सोलला. दाराशी माड आणि कालवणात पाणी? पगार कापून? ह्या भोळ्या माणसाला तिथं एकटा ठेवायचा म्हणजे त्याला रोज कोणीतरी लुबाडणार, ह्याच्यासोबत कोणीतरी शहाणं माणूस पाहिजेच. कालपर्यंत नारळ महाग म्हणून पोर जात न्हवती, आता महाग विकतात म्हणून पोरीला धाडायलाच हवी. बा जाळ्यात तोंड घालून हसत होता.

पण केसर आमची, ती लगेच कशी हो म्हणेल. म्हणाली, येते. पण भाव ठरलाय, हातावर हात मारलाय सगळ्यांसमोर. नारळ आण्याच्या वर गेला तर वरचे पैसे तुमच्या विडीतनं. भावजी म्हणाले, कबूल. आणि बटाटा? ती म्हणाली. भावजी म्हणाले, वर टाकतो म्हणालो ना.

परवा गेली. आगबोटीवर न्यायच्या मचव्यात चढवलं तिला, लाल चपला हातात धरून, कारण पाण्यात भिजतील ना. आयेनं बोंबील दिले, कोकमं दिली, मसाला दिला, डोळ्यांना पदर लावला, आणि मचवा सुटल्यावर सगळ्या बायका नीट जा, नीट जा म्हणत होत्या तेव्हा ही पाण्यात गुडघाभर शिरून ओरडली की पहिल्या भावाला घेऊ नकोस गो. केसरनं तिकडनं चप्पल हलवली.

आणि घरी येऊन बघतो तर खोलीभर नारळ. भावजींचे. लोकांनी दयेनं दिलेले. परत कसे द्यायचे, आणि तीन माणसं खाणार किती? म्हणून आये म्हणाली, म्हसळ्याला घेऊन जा. घरातनं निघाले आणि सवयीनं मागं बघितलं गो, पाटी नीट बसलीय का ते केसर बघायची ना.

तर आता बोला. बायजा, हा बघ, कसा भरलेला हाय, हलवून बघ, पाणी वाजतंय. तुझ्यासाठी दहा आणे.

बघतेस काय अशी? माग ना खाली.